ती नाव घेते तो भाग

द्राक्षाचे मणी ज्वारीएवढे झाले की आमच्या बागेत कात्र्या वाजायला लागतात. लहानशा, टोकदार कात्र्या. घडात दाटीवाटीनं बसलेल्या मण्यांतले निम्मे त्यांनी कापून काढायचे, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा मिळते. पुस्तकात याला विरळणी म्हणतात, आम्ही थिनिंग म्हणतो. नारायणगावच्या आसपास डिसेंबरात कुठल्याही मांडवाखाली वाकून शिरा, हाच आवाज येतो: कच् कच् कच्, आणि खाली सुकल्या पानांवर हिरव्या मण्यांची टपटप. परवा यंदाच्या हंगामात तो पहिल्यांदा ऐकला आणि मला दरदरून घाम फुटला. अंगात स्वेटर होता, तोंडातून वाफ निघत होती, तरी फुटला. गेल्या थिनिंगला मी जे करून ठेवलं, ते आमच्या भावकीत अजून चहाबरोबर खारीसारखं वाढलं जातं.

आणि त्याच्या मुळाशी एक जपानी कार्टून आहे. कार्टून म्हटलेलं आमच्या ऋतुजाला चालत नाही. "पप्पा, ॲनिमे म्हणा," असं ती मला पहिल्याच दिवशी बजावून मोकळी झाली होती. म्हणतो बापडा.

झालं असं, की पुण्याला इंजिनिअरिंगला असणारी ही आमची एकुलती एक लेक सुट्टीला घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी गतिरोधकावरून स्कूटीसकट उडाली. उजव्या पायाला प्लास्टर, सहा आठवडे. त्याच सुमारास बागेत मीही उडालो होतो. थिनिंगला बायांची टोळी लावलेली असली तरी आपणही रांगेत उभं राहावं, मालकानं हात चालवला की काम पळतं, अशी माझी समजूत. चष्म्याचा नंबर वाढलेला. मी मणी कापतोय असं मला वाटत होतं, प्रत्यक्षात देठ कापत होतो. सकाळच्या चहापर्यंत अख्खे अकरा घड जमिनीवर.

टोळीची मुकादम हौसाबाई, तळेघरकडची. भातकापणी उरकली की बाया घेऊन दरवर्षी आमच्याकडं उतरते. तिनं ते अकरा घड एका ओळीत मांडले आणि म्हणाली, "दादा, तुमच्यापरीस बिबट्या बरा. त्यो निदान नुसता हिंडून जातो."

माझी बायको शैला हसलीसुद्धा नाही. तिनं माझ्या हातातली कात्री काढून घेतली. "तुमी घरी जा. पोरीजवळ बसा. बागंचं आमी बघतो."

अशा रीतीनं मी, जुन्नर तालुक्यातला बऱ्यापैकी नावाजलेला बागायतदार, भर हंगामात दिवाणाच्या कडेला खुर्ची टाकून, लेकीच्या प्लास्टरला उशी देत टीव्हीसमोर बसलो.

आता काय सांगू. मी पहिल्या दिवशी हबकलो तो हबकलोच.

शाळा. वर्गात खिडकीजवळ बसणारा एक पोरगा. पाऊस. त्याच्याकडं छत्री नाही. एक पोरगी येते, आपली छत्री त्याच्या हातात कोंबते आणि स्वतः भिजत पळून जाते. संपला भाग! दुसऱ्या भागात तो छत्री परत द्यायला निघतो. पूर्ण भाग तो छत्री घेऊन हिंडतो. तिच्या वर्गाच्या दारापर्यंत जातो, परत येतो. जिन्यात उभा राहतो, परत येतो. खाली इंग्रजी पाट्या पळतायत, त्या मी चष्मा वर-खाली करून वाचतोय, आणि त्या पाट्यांवर काय लिहिलेलं असावं? "..." नुसती टिंबं! पोरगा मनातसुद्धा काही बोलत नाही!

"अगं, हा छत्री देणार कधी?"

"पप्पा, थांबा ना."

"आमच्याकडं दुसऱ्या भागात बस्ता निघाला असता."

हे काही मी गंमत म्हणून बोललो नव्हतो. शैलाला मी पाहिलं ते घोडेगावच्या बाजूला तिच्या घरी, वीस मिनिटं. त्यात पोहे आले, पोहे संपले, चहा आला. तिच्या चुलत्यांनी मला विचारलं, "पावणं, पोहे कसे झालेत?" मी, खरं बोलणारा माणूस, म्हणालो, "मीठ जरा कमी आहे." माझ्या वडलांनी माझ्याकडं असं पाहिलं, की आज त्या नजरेच्या आठवणीनंसुद्धा माझे कान गरम होतात. तरीही ते लग्न ठरलं. कसं ठरलं, का ठरलं, तिनं हो कशाला म्हटलं, हे मी चोवीस वर्षांत तिला विचारलेलं नाही. खिडकीवाल्याला छत्रीचे दोन भाग लागले म्हणून मी वैतागत होतो.

त्यांची नावं माझ्या तोंडात बसेनात, म्हणून मी त्याला खिडकीवाला आणि तिला छत्रीवाली म्हणायला लागलो. आठवडाभरात मला त्या दोघांचं व्यसन लागलं. आधी ऋतुजाचं जेवण झालं की लावायचो, मग जेवताना, मग ती झोपलेली असली तरी मी रिमोट शोधायला लागलो.

वैताग किती यावा! ती त्याला दुसऱ्या एका मुलीबरोबर हसताना बघते आणि डोळे पुसत पळते. ती मुलगी म्हणजे त्याची बहीण. हे मला ठाऊक, ऋतुजाला ठाऊक, वर्गातल्या पोरांना ठाऊक, फक्त हिला नाही. मी खुर्चीवरून उठून ओरडलो, "अगं, विचार की! बहीण आहे त्याची!" शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं भुंकायला लागलं. पुढं जत्रेचा भाग आला. नदीकाठी दोघंच, तो एकदाचा तोंड उघडतो, आणि नेमकं त्याच क्षणी आकाशात दारूकाम सुरू होतं. त्याचे ओठ हलताना दिसतात, आवाज येत नाही. ती विचारते, काय म्हणालास? तो म्हणतो, काही नाही. काही नाही! मी कपाळावर हात मारून घेतला. परत बोल ना, बाबा! आभाळातला दारूगोळा काय जन्मभर उडणार आहे का?

तुमच्या जिवाची खरी तगमग होते ती याच्यामुळं. बघणाऱ्याला दोघांची मनं उघडी दिसतात आणि त्या दोघांना एकमेकांचं ओ की ठो कळत नाही. देवाला असंच वाटत असेल का आपल्याकडं बघताना, असं मला एकदा वाटून गेलं. नंतर वाटलं, देवाकडं रिमोट आहे. तो पुढं सरकवत असेल.

पण गोडी तीही त्याच जागी. मी मराठी आणि हिंदी मालिका आयुष्यभर बघितल्यात. तिथं कुणी आत आलं की तीन वेळा तीन बाजूंनी तोंड दाखवतात आणि ढोल बडवतात. इथं कुणी कुणाच्या खिरीत काही कालवत नाही. पोरीला ताप येतो, पोरगा तिच्या दारात गरम पेज ठेवून जातो, एवढाच भाग. डब्यातली एक फोड तिनं उचलून त्याच्या डब्यात ठेवली की पडदाभर त्याचे लाल झालेले कान. नळाच्या तोटीला लोंबणारा पाण्याचा थेंब दाखवतात, पडतो का, पडतो का, पडला. मागं पियानोची टिंगटिंग. आणि मी, बावन्न वर्षांचा माणूस, त्या थेंबासाठी श्वास धरून बसलेलो. थिनिंगही असंच असतं, हे मला तिथं बसून कळलं: काढून टाकलं म्हणूनच उरलेलं फुगतं. बागेत मात्र ते हाताला जमलं नव्हतं.

दुपारी टोळीच्या बाया आमच्या ओसरीवर भाकरी खायला यायच्या. दार उघडं असायचं. हौसाबाई ठेच्याचं बोट चाटत टीव्हीकडं बघत राहायची.

एक दिवस तिनं विचारलं, "दादा, ह्यो पोरगा मुका हाय का?"

"मुका नाही, लाजतोय."

"लाजतोय! आठ दिस झालं मी बघते. आवंदाचं थिनिंग सरंल, पर याचं तोंड उघडायचं न्हाई."

"तुमच्याकडं काय करतात मग?" ऋतुजानं दिवाणावरून विचारलं.

"आमच्याकडं?" हौसाबाईनं भाकरीचा तुकडा मोडला. "भाताच्या आवणीला दोघं एका चिखलात उतरली, का समद्या गावाला कळतंय. त्यात बोलायचं काय असतंय?"

बाया खिदळल्या. शैलाही हसली, पण टीव्हीकडं पाठ करून. ती तो कार्यक्रम कधी बघायचीच नाही. येता-जाता एक नजर टाकायची आणि म्हणायची, "डोळं केवढालं काढल्यात पोरीचं." बस्स.

मग आला नववा भाग.

स्टेशनाचा फलाट. तो गावाला चाललाय. ती धावत येते. आणि हाक मारते. एवढंच. हाक मारते! ऋतुजा प्लास्टरसकट उशीवर उडाली. "घेतलं! पप्पा, नाव घेतलं तिनं!"

मी बघतच राहिलो. "मग? रोज हाक मारतेच की."

"ती आडनावानं मारायची! त्यांच्यात आडनावानं बोलावतात, पुढं मान देऊन. आपण शिंदेसाहेब म्हणतो ना, तसं. नुसतं नाव फक्त एकदम जवळच्या माणसाचं घेतात. नऊ भाग मी याचीच वाट बघत होते!"

"नुसतं नाव घ्यायला नऊ भाग?" मला हसू आवरेना. "काय येडी माणसं आहेत ही!"

ऋतुजानं टीव्हीचा आवाज बंद केला. "पप्पा, आईनं तुमचं नाव कधी घेतलंय?"

माझं हसू तोंडातच अडकलं. म्हटलं, "घेतलंय की. लग्नात." आणि तो उखाणा मला अजून पाठ होता, तो मी म्हणूनही दाखवला: 'घोडेगावच्या वाटेवर करवंदाची जाळी, दत्तात्रयरावांचं नाव घेते लग्नाच्या वेळी.'

"उखाणा धरायचा नाही. तो लोकांसाठी असतो. तुम्हाला, नुसतं, कधी?"

मी मागं मागं जात राहिलो. बागेत, घरात, एसटीत, लग्नाकार्यात. अहो. ऐकलं का. ऋतूचे पप्पा. हिकडं बघा जरा. चोवीस वर्षं! खिडकीवाल्याला नवव्या भागात जे मिळालं, ते मला चोवीस वर्षांत मिळालं नव्हतं, आणि मिळालं नाही हे मला ठाऊकसुद्धा नव्हतं. धक्का बसला म्हणजे काय झालं, तर मी उठून पाणी प्यायलो आणि ग्लास फ्रिजमध्ये ठेवून बाटली मोरीत ठेवली.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यानं एकच घेतलं. शैलाच्या तोंडून एकदा माझं नाव ऐकायचं. उखाण्याशिवाय, मागं राव लावल्याशिवाय. एकदा.

आता शहाण्या माणसानं हे कसं केलं असतं? चहा घेताना हसत-खेळत विषय काढला असता. पण मी नऊ भाग बघितलेला माणूस. मला जागा पाहिजे होती, उतरतं ऊन पाहिजे होतं, वारा सुटायला पाहिजे होता. आदल्याच दिवशी नारायणगावला जाऊन डोळे तपासून आलो होतो, डोळ्यांत थेंब घातलेले, ते लाल. दुसऱ्या दिवशी चार वाजता बागेत गेलो. उन्हाच्या तिरप्या पट्ट्या मांडवातून खाली उतरल्या होत्या. शैला रांगेच्या टोकाला एकटी, डोक्याला रुमाल, मान वर करून घड कातरत होती. मी तिच्यासमोर तीन पावलांवर उभा राहिलो. तीनच. टीव्हीत तेवढंच अंतर असतं.

"शैला," मी म्हणालो, "तुला एक सांगायचंय."

तिनं माझ्या लाल डोळ्यांकडं बघितलं. कात्री थांबली.

आणि नेमका त्याच क्षणी शेजारच्या बागेत औषध फवारायचा ब्लोअर सुरू झाला. कानठळ्या! मला खरं तर आनंद झाला. म्हटलं, दारूकाम! अगदी तसंच! पण मी काही 'काही नाही' म्हणणारा खिडकीवाला नव्हतो. मी छाती भरून घेतली आणि ब्लोअरच्या वरताण ओरडलो, "माझं नाव घे! एकदा माझं नाव घे!"

ब्लोअर मध्येच बंद पडला. 'एकदा माझं नाव घे' हे अख्ख्या रानात घुमलं. बारा कात्र्या बंद. रांगांमधून बारा डोकी बाहेर.

शैलाच्या हातातली कात्री खाली पडली. चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मी माणसाचं कधी पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं. ती एक शब्द न बोलता वळली आणि घराकडं चालत सुटली. पुढं-पुढं तर पळालीच.

माझा मूर्खपणा किती खोल होता, याचा अंदाज यावा म्हणून सांगतो: मला वाटलं, जमलं. छत्रीवालीपण पळते! प्रत्येक वेळी पळते! मी घरी येऊन ऋतुजाला सांगितलं, "पळाली!" ऋतुजानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "पप्पा, तुम्ही केलंय काय?"

काय केलं, ते सकाळी कळलं.

साडेसातला जुन्नरहून मेहुणा विलास मोटारसायकलवर आला. हातात शहाळी. त्याच्या मागोमाग जीप, तिच्यातून घोडेगावची सासू आणि दोन मावशा, पदर तोंडाला लावून. मग भावकीतला शांताराम, सफरचंदं घेऊन. मग शाळेतले मास्तर, बिस्किटाचे पुडे घेऊन. आमच्याकडं आजाऱ्याला भेटायला जाताना जे जे नेतात, ते सगळं नऊ वाजेपर्यंत आमच्या टेबलावर आलं होतं. मला कुणीतरी खुर्चीत बसवलं. कुणीतरी पायावर शाल टाकली. मी टाकू दिली.

विलास माझ्याजवळ वाकला. "दाजी, किती दिवस झालं कळून?"

"काय कळून?"

"लपवू नका. अक्कानं सांगितलं समदं. तुमी परवा डॉक्टरकडं गेलता."

"डोळ्याच्या डॉक्टरकडं रे!"

"म्हंजी डोळ्यापर्यंत गेलंय?" मावशीनं हंबरडा फोडला.

शांतारामनं माझा हात दाबला. "राव, घाबरायचं नाय. आजकाल लई औषधं निघाल्यात. पुण्याला गाडी सांगतो."

आता खरं सांगायचं तर कसं सांगायचं? वीस माणसं रडवेली समोर बसलीयत आणि मी म्हणायचं की जपानमधली एक पोरगी फलाटावर धावत आली? ऋतुजानं कुबडीवर उभं राहून सगळं सांगून टाकलं, छत्रीपासून. आधी कुणाला काही समजेना. मग मास्तर पहिले हसले. मग विलास. मग ओसरीवरून हौसाबाईचा आवाज आला, "आत्ता कळलं! मुक्याच्या नादानं दादाला वाचा फुटली!" आणि घर नुसतं दणाणलं. सासू हसून हसून रडली. शहाळी तिथंच फोडून प्यायली लोकांनी.

एकटी शैला हसत नव्हती. ती आत स्वयंपाकघरात गेली होती. मी शाल बाजूला करून मागं गेलो. ओट्याशी पाठमोरी उभी होती. मी म्हणालो, "अगं, गंमत होती. एवढं काय मनाला लावून घेतलंस?"

ती वळली नाही. "कोरोनात तुमी कार्यालयात व्हता, आठवतंय?"

आठवत होतं. जिथं आम्ही पन्नास लग्नं जेवलो, त्या मंगल कार्यालयात तेव्हा खाटा टाकल्या होत्या. चौदा दिवस होतो मी तिथं.

"गेटवर एक माणूस असायचा," शैला म्हणाली. "मी डबा आणला, का म्हणायचा, पेशंटचं नाव सांगा. म्हणलं, ऋतुजाचे पप्पा. तर म्हणला, ताई, आत समदे कुणाचे ना कुणाचे पप्पाच हायेत. नाव सांगा. मोठ्यानं. मास्कातनं ऐकू येत न्हाई."

तिनं नळ बंद केला.

"मग घेतलं. दोन टाइम, चौदा दिस. वरडून घेतलं."

बाहेर माणसं अजून हसत होती.

"आमची आई सांगायची, नाव घेतलं का धन्याचं आयुष्य तुटतं. मला ठावं हाय, खोटं हाय. बारावी झालेली हाय मी. पण तुमच्या शेजारच्या खाटंवरचा माणूस गेला, त्या दिवशी मी गेटवर उभी व्हते. हातात डबा. त्यो म्हणतोय, नाव सांगा, नाव सांगा. न्हाई घ्यावं तर तुमी उपाशी. घ्यावं तर..." तिनं फडकं उचललं, परत ठेवलं. "घेतलं. आन् काल तुमी डोळं लाल करून, रानात उभं राहून म्हणताय, एकदा माझं नाव घे. मला वाटलं, आलं ते फिरून."

माणसाला किती धक्के बसू शकतात एका हंगामात? कार्यालयाच्या भिंतीच्या अलीकडं मी होतो. रोज दोन वेळा, शे-दोनशे पावलांवर, लोकांदेखत, ती माझं नाव ओरडत होती, आणि मला त्यातला एक शब्द ऐकू आला नव्हता. माझ्याच गोष्टीतला एक भाग मी बघितलाच नव्हता. आणि त्या दिवसांत मी काय केलं होतं, तेही मला तिथं ओट्याशी उभ्या उभ्या आठवलं. तोंडाची चव गेलेली होती माझ्या. मी आतून त्या गेटवरच्या माणसाकडं निरोप पाठवला होता: घरी सांगा, भाजीत मीठ कमी असतं.

तो निरोपही तिनं घेतला होता. दुसऱ्या दिवसापासून डब्यात मिठाची पुडी असायची.

मी तिला काय म्हणालो? काही नाही. तोंडात टिंबं. माझ्याखाली पाटी पळत असती तर तीन टिंबंच दिसली असती. खिडकीवाल्याला इतके दिवस घातलेल्या शिव्या मी मनातल्या मनात परत घेतल्या. तो दोनदा माघारी का फिरतो, हे मला त्या दिवशी, तिच्या पाठीकडं बघताना समजलं. पुढं जाऊन काय बोलायचं, हे त्याला माहीत असतं. हात उचलला जात नाही.

जे तीन भाग उरले होते, ते मी आणि ऋतुजानं प्लास्टर निघायच्या आदल्या दिवशी संपवले. बारावा भाग संपला तेव्हा मी म्हणालो, "एवढंच? लग्न?" ती म्हणाली, "एवढंच. आता दुसरा सीझन. आला तर आला." याच्याइतका अन्याय मी बाजार समितीतही बघितलेला नाही. ऋतुजा पुण्याला गेली. द्राक्षं तुटली, छाटण्या झाल्या, पुन्हा काड्या फुटल्या, पुन्हा घड लागले. भावकीत कुणी भेटलं की अजून विचारतं, "काय राव, तब्येत कशीय?" आणि गालात हसतं. मीही हसतो. शैलानं तो विषय पुन्हा काढला नाही, मीही काढला नाही. जेवताना मीठ कमी वाटलं तर तसंच खातो. एकदा नुसतंच अळणी वरण दोन वाट्या प्यालो, तर तीच म्हणाली, "अहो, मीठ घालायचं राहिलं, सांगायचं न्हाई का?"

काल बाजाराचा दिवस, टोळी सुट्टीवर. शैलाच्या बोटाला कात्रीनं फोड आलेला. दुपारी ती पावट्याच्या शेंगा घेऊन बाहेरच्या खोलीत बसली. मी पेपर वाचत होतो.

"ते ऋतूचं लावता येतं का तुमाला?"

"काय ऋतूचं?"

"तेच. ती नाव घेते त्यो भाग."

मी रिमोट उलटा धरला, सरळ धरला. सापडेपर्यंत दोन वेळा चुकून भलतंच लागलं. मग फलाट आला. तो उभा, हातात पिशवी. ती धावत येते. केस उडतात. गाडीचा भोंगा. मी टीव्हीकडं बघतच नव्हतो, शैलाकडं बघत होतो. तिच्या हातातली शेंग अर्धी उघडलेली, बोटं थांबलेली.

हाक आली.

"घेतलं?" शैलानं विचारलं.

"घेतलं."

ती बघत राहिली. पडद्यावर त्या पोराचे कान लाल झाले. गाडीची दारं मिटली, गाडी हलली. शैलानं माझ्याकडं बघितलं नाही. हळू विचारलं, "आन् पुढं? त्या पोराला काय व्हत न्हाई ना?"

"नाही."

"तुमी बघितलंय शेवटपर्यंत?"

"बघितलंय. बाराव्या भागात सायकलवरून घरी जातो. धडधाकट."

"नक्की?"

"नक्की."

तिनं शेंग पूर्ण उघडली, दाणे वाटीत टाकले.

"मग लावा पुढचा."